विंडोज पुसून नव्याने बसवून घेताना : लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानाचे परीक्षण

‘तासाभरात फॉरमॅट मारून देतो, तोवर चहा घेऊन या’ हे आश्वासन ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेला बाहेर पडून डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, म्हणजे अजूनही सगळ्यांच्या तोंडी असलेल्या लॅमिंग्टन रोडवर, थोडा वेळ फिरले तरी कानावर पडते. त्यात खोटे काही नाही. संगणकात एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कहून वेगवान साठवण, असेल आणि पेन ड्राइव्ह बऱ्या वेगाचा असेल, तर जुने विंडोज पुसून नवे बसायला अर्धा तासही पुरतो आणि त्याला फारसे कौशल्यही लागत नाही. म्हणून या सेवेचे परीक्षण करताना आपण पैसे नेमके कशाचे मोजतो, हे आधी पाहावे लागते. मी ज्या दुकानाबद्दल लिहीत आहे तेथे आमच्या संगणकाच्या जुन्या ड्राइव्हला हात लावण्याआधी दीड-दोन तास नुसती विचारपूस, यादी आणि नक्कल यांत गेले, आणि माझ्या मते बिलातील बहुतेक रक्कम त्या वेळेचीच होती.

दुकानाचे नाव देत नाही. पुढे त्याच्या काही उणिवाही लिहायच्या आहेत, आणि मालक व दोन कारागीर एवढ्यांवर चालणाऱ्या दुकानाविषयी नाव घेऊन लिहिले की त्याचा न्याय-अन्याय मोजणे कठीण होते. शिवाय या रस्त्यावर कामाचा दर्जा पाटीपेक्षा समोर बसलेल्या माणसावर अवलंबून असतो, त्यामुळे चांगले काम ओळखायचे कसे, ते सांगणे अधिक उपयोगाचे आहे. इतके सांगतो की दुकान मुख्य रस्त्यावर नाही. एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, लाकडी जिना चढून गेल्यावर आहे, आणि जड कॅबिनेट घेऊन तो जिना चढणे ज्येष्ठांना त्रासाचे आहे.

काम दोन यंत्रांचे होते. पहिला आमच्या गिरगावातील अक्षरजुळणीच्या कार्यालयातला संगणक, २०१८ साली सुटे भाग आणून जुळवलेला, आठव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, विंडोजसाठी २५६ जीबीची एसएसडी आणि कामाच्या फायलींसाठी एक टीबीची हार्ड डिस्क. त्यावर विंडोज १० होते. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला, त्यामुळे सुरक्षेच्या सुधारणा हव्या असतील तर वाढीव मुदतीच्या योजनेत नाव नोंदवणे किंवा विंडोज ११ वर जाणे, हे दोनच सरळ मार्ग उरले होते. वर्षानुवर्षे साचलेल्या सॉफ्टवेअरमुळे यंत्र इतके मंदावले होते की सकाळी ते सुरू करून टपाल उघडून वाचून होईपर्यंत पडद्यावरचे चक्र फिरतच असे. दुसरा मुलीचा लॅपटॉप, त्याची कथा वेगळी आहे आणि ती पुढे येईल.

हे सगळे घरीच का केले नाही, असे कोणी विचारील. विंडोजच्या सेटिंग्जमध्येच यंत्र मूळ स्थितीला नेण्याची सोय आहे. फायली ठेवायच्या की सर्व काढून टाकायचे हे ती विचारते, आणि इंटरनेटवरून ताजी प्रत उतरवून घेण्याचा पर्यायही देते. ज्यांचे विंडोज फक्त मंदावले आहे आणि बाकी मांडणी ठीक आहे, त्यांनी आधी तीच सोय वापरून पाहावी, दुकानाची पायरी चढू नये. आमच्या कार्यालयातील यंत्राला मात्र ती पुरणारी नव्हती. जुळवणाऱ्याने त्या वेळी विंडोज यंत्र सुरू करण्याच्या जुन्या, लीगसी पद्धतीने बसवले होते आणि एसएसडीवरील विभागांचा तक्ता, म्हणजे ड्राइव्ह कसा विभागला आहे याची नोंद, जुन्या एमबीआर प्रकारचा होता. विंडोज ११ ला यूईएफआय ही सुरू होण्याची नवी पद्धत आणि तिला जुळणारा जीपीटी तक्ता लागतो, आणि वर सांगितलेल्या सोयीने, म्हणजे रीसेटने, तक्ता बदलत नाही. तक्ता न पुसता बदलण्याची सोय विंडोजमध्ये आहे. परंतु साचलेला सारा पसारा तसाच पुढे नेण्यापेक्षा ड्राइव्ह कोरा करून पहिल्यापासून मांडणी करावी, असे मालकांनी सुचवले आणि ते मला पटले.

आता त्या विचारपुशीकडे येतो. काम ज्याच्याकडे दिले तो कारागीर पंचविशीतला, रत्नागिरीकडचा. त्याने यंत्र टेबलावर ठेवून सुरू केले आणि पहिला प्रश्न केला तो असा : “काका, यावर तुम्ही नेमकं काय काम करता? रोजचं सांगा आणि वर्षातून एकदाच लागतं तेही सांगा.” वर्षातून एकदाच लागणाऱ्या गोष्टींविषयी विचारणारा कारागीर मला याआधी भेटला नव्हता. मार्चअखेरीस लागणारी हिशेबाची टॅली, विवरणपत्र भरताना लागणारी डिजिटल सही असलेली यूएसबी टोकन आणि तिचा ड्रायव्हर (उपकरण विंडोजला चालवता यावे म्हणून लागणारा प्रोग्राम), दिवाळी अंकांच्या हंगामात बाहेर निघणारा जुना स्कॅनर, हे सगळे त्या एका प्रश्नातून कागदावर आले. टॅलीतील हिशेब कोणत्या फोल्डरमध्ये आहेत हे त्याने अंदाजाने न ठरवता टॅली उघडून तिथला मार्ग वाचला, हिशेबाचा बॅकअप घेतला आणि परवाना सरेंडर करायला लावला, म्हणजे नव्या मांडणीवर तो पुन्हा सुरू करताना अडचण नको.

त्यानंतरचा मुद्दा मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या जिव्हाळ्याचा आहे, आणि बहुतेक दुकाने तेथेच घसरतात. आमच्याकडे युनिकोडपूर्वीच्या, म्हणजे देवनागरीची सर्वमान्य संगणकीय व्यवस्था रुळण्यापूर्वीच्या, काळातील शेकडो फायली आहेत. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीत जुळवलेली पुस्तके आहेत, सी-डॅकच्या आयएसएममधील सुरेखमध्ये टाइप होऊन आलेली सरकारी पत्रे आहेत, आणि काही हिंदी मजकूर कृतिदेवमध्ये आहे. या फॉन्टमध्ये देवनागरीची वळणे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. फॉन्ट यंत्रावर असेपर्यंत ‘प्रस्तावना’ ही प्रस्तावनाच दिसते. फॉन्ट गेला की त्याच ओळीत रोमन अक्षरे, उद्गारचिन्हे आणि कंस यांची खिचडी दिसते, आणि फाइल सुरक्षित असूनही ती बिघडली असे वाटून माणूस हवालदिल होतो. हे फॉन्ट असतात सी ड्राइव्हवरील विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये, म्हणजे जो ड्राइव्ह पुसायचा नेमका त्याच्यावर. त्या मुलाने तो संपूर्ण फोल्डर वेगळा उतरवून घेतला, एवढेच नव्हे तर पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमधील दोन-तीन जुनी पुस्तके उघडून त्यांत कोणते फॉन्ट वापरले आहेत ते यादीशी ताडून पाहिले. पेजमेकर ७.० ची मूळ सीडी माझ्याजवळ आहे का, हेही विचारले. आजच्या यंत्रांत सीडी वाचायची सोयच नसते, म्हणून दुकानातल्या जुन्या ड्राइव्हवरून तिची प्रत करून माझ्या पेन ड्राइव्हवर टाकून दिली. श्रीलिपीच्या लॉकचा, म्हणजे परवान्यासाठी यंत्राला जोडाव्या लागणाऱ्या छोट्या उपकरणाचा, ड्रायव्हर विंडोज ११ वर चालेल की नाही याची खात्री त्याने दिली नाही, “बसवून पाहू, नाही चाललं तर जुनी मांडणी तुमच्याकडे आहेच” असे सरळ सांगितले, आणि हे स्पष्ट बोलणे मला खात्रीपेक्षा मोलाचे वाटले.

‘महत्त्वाचे सगळे डी ड्राइव्हवर आहे’ हा आपल्याकडचा सार्वत्रिक समज आहे, आणि फॉरमॅटमध्ये गमावलेल्या फायलींपैकी बऱ्याचशा या समजाच्या बळी असतात. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि पिक्चर्स ही चारही ठिकाणे मुद्दाम बदलली नसतील तर सी ड्राइव्हवरच, वापरकर्त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये असतात; पडद्यावर समोर दिसणारी फाइल ही जणू यंत्राच्या बाहेरच ठेवलेली आहे असे वाटत राहते, इतकेच. आमच्या ओळखीतील एका गृहनिर्माण संस्थेच्या चिटणिसांना हा अनुभव आला आहे. उपनगरातील एका दुकानाने ‘डी ड्राइव्हला हात लावत नाही, निश्चिंत राहा’ असे म्हणून त्यांचा संगणक फॉरमॅट केला, डी ड्राइव्हला खरोखरच हात लावला नाही, आणि डेस्कटॉपवर असलेली सभासदांच्या देखभाल खर्चाची तीन वर्षांची तक्तापत्रके गेली. मी परीक्षण करीत असलेल्या दुकानात वापरकर्त्याचा अख्खा फोल्डर उचलण्याची पद्धत आहे. त्यात ब्राउझरच्या खुणा आणि लपवलेले उपफोल्डरही येतात. जतन केलेले पासवर्ड मात्र नुसती नक्कल करून नव्या मांडणीत वाचता येत नाहीत, म्हणून ब्राउझर माझ्या खात्याशी जोडून घ्यायला सांगितले, आणि पासवर्ड टाइप करायची वेळ आली तेव्हा कीबोर्ड माझ्याकडे सरकवून तो मुलगा दुसरीकडे पाहत उभा राहिला. या रस्त्यावर इतका संकोच दुर्मीळ आहे.

याच टप्प्यावर मालकांनी एक विक्रीही करून पाहिली. जुनी एसएसडी काढून कपाटात ठेवा, नवी ५०० जीबीची घ्या आणि विंडोज तिच्यावर बसवू, असे त्यांचे म्हणणे होते. प्रथमदर्शनी हा खिशाला हात घालण्याचा प्रकार वाटतो, पण न्यायाने पाहिले तर सर्वांत सुरक्षित मार्ग तोच आहे, कारण जुना ड्राइव्ह जसाच्या तसा राहतो आणि काही राहून गेल्याचे महिन्याभराने लक्षात आले तरी तो जोडून काढून घेता येते. ज्यांचा ड्राइव्ह पाच-सहा वर्षे जुना आहे त्यांनी हा सल्ला ऐकावा. आमच्या एसएसडीची प्रकृती तपासणीत उत्तम निघाली, तेव्हा मी नकार दिला आणि त्याऐवजी संपूर्ण ड्राइव्हची प्रतिमा घ्यायला सांगितली. प्रतिमा म्हणजे फायलींची नक्कल नव्हे. विभागांसह अख्खा ड्राइव्ह एका मोठ्या फाइलमध्ये उतरवणे. नकारानंतर मालकांचा चेहरा बदलला नाही की काम हलक्या हाताने झाले नाही, हे नमूद केले पाहिजे.

प्रत्यक्ष पुसण्याच्या वेळी जे पाहिले ते मी इतरांना दुकान निवडताना पाहायला सांगतो. पेन ड्राइव्ह लावण्यापूर्वी कारागिराने यंत्र बंद केले, कॅबिनेटची बाजूची पट्टी उघडली आणि कामाच्या फायली असलेल्या हार्ड डिस्कची साटा केबल काढून बाजूला केली. यामागे दोन कारणे आहेत. एक तर विंडोज बसवण्याच्या पडद्यावर सी, डी ही अक्षरे दिसत नाहीत. दिसतात ते डिस्कचे क्रमांक, विभागांचे क्रमांक आणि आकार. दोन डिस्क जोडलेल्या असतील तर केवळ आकारावरून ओळख पटवून ‘डिलीट’ दाबावे लागते, आणि दोन्ही डिस्क एकाच आकाराच्या असतील तर कोणाचाही हात चुकू शकतो. दुसरे कारण कमी लोकांना ठाऊक असते : दोन डिस्क जोडलेल्या असताना विंडोज स्वतः एका डिस्कवर बसते आणि यंत्र सुरू करणारा छोटा विभाग कधी कधी दुसऱ्याच डिस्कवर टाकते. तेव्हा सगळे सुरळीत चालते, पण पुढे कधी ती दुसरी डिस्क काढली वा बिघडली की विंडोज सुस्थितीत असूनही यंत्र सुरू होत नाही. एक केबल काढण्याने हे दोन्ही धोके टळतात, तिला अर्धे मिनिट लागते, आणि तरीही ती काढणारे हात फार थोडे.

मग पडदा उघडला. त्यावर एकाखाली एक तीन विभागांच्या ओळी होत्या, आणि शेवटच्या ओळीचा आकार २० जीबीच्या आसपास होता, जो मला काही केल्या आठवेना. “काका, हा कशाचा?” म्हणून त्याने हात थांबवला. जुळवणाऱ्याने तेव्हा काही तरी राखून ठेवले असावे, असे मी म्हणालो. त्याने पेन ड्राइव्ह काढला, यंत्र पुन्हा जुन्या विंडोजमध्ये नेले, त्या विभागाला अक्षर देऊन उघडून दाखवले. आत मदरबोर्डचे जुने ड्रायव्हर होते आणि एक रिकामा फोल्डर. तो विभागही पुसायला माझी हरकत नाही असे माझ्या तोंडून ऐकल्यावरच काम पुढे सरकले. सगळे विभाग काढल्यावर पडद्यावर एकच ओळ उरली, मोकळ्या जागेची, आणि तीच निवडून त्याने पुढे जाण्याचे बटण दाबले; आवश्यक ते विभाग विंडोज स्वतःच पाडून घेते, हाताने पाडायची गरज नसते. त्याआधी, जुन्या विंडोजमधून परतताना, मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन लीगसी पद्धत बंद करणे आणि इंटेलचा पीटीटी सुरू करणे ही कामे झालीच होती. हा पीटीटी म्हणजेच विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था, जुळवलेल्या अनेक यंत्रांत तो असतो पण बंद ठेवलेला असतो, आणि ‘तुमच्या यंत्रावर विंडोज ११ चालत नाही’ असे सांगून नवा मदरबोर्ड गळ्यात मारणाऱ्यांचा धंदा यावर चालतो. ज्यांचा प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा आहे त्यांनी असा सल्ला मिळाल्यास पीटीटीची चौकशी जरूर करावी.

मुलीच्या लॅपटॉपचे प्रकरण परवान्याचे होते. तो विकत घेतला तेव्हा त्यावर विंडोज ११ होम सिंगल लँग्वेज ही आवृत्ती होती, आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतांश घरगुती लॅपटॉपवर असते तीच. पुढे तो अडला म्हणून पश्चिम उपनगरातील एका दुकानात दिला, आणि परत आला तेव्हा त्यावर ‘प्रो’ होते. होमचे प्रो झाले म्हणून घरात थोडे कौतुकही झाले. काही दिवसांनी डिफेंडर या विंडोजच्याच अँटिव्हायरसने परवाना मोडणाऱ्या साधनाविषयी इशारे द्यायला सुरुवात केली, तेव्हा कळले की त्या साधनाचा फोल्डर तपासणीतून वगळून ठेवला होता, म्हणजे चोराला पाहू नये म्हणून पहारेकऱ्याची पाठ भिंतीकडे करून ठेवली होती. यातली विटंबना अशी की अशा लॅपटॉपच्या मदरबोर्डमध्ये मूळ आवृत्तीच्या परवान्याची अधिकृत चावी निर्मात्याने आधीच नोंदवून ठेवलेली असते. लॅमिंग्टन रोडवरच्या मुलाने मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या प्रतीचा पेन ड्राइव्ह लावला, तेव्हा कोणती आवृत्ती हवी हा प्रश्न पडद्यावर आलाच नाही. विंडोजने चावी वाचली, सिंगल लँग्वेज बसवले आणि इंटरनेट मिळताच ते अधिकृतपणे सक्रिय झाले. एका पैशाचीही चावी विकत घ्यावी लागली नाही. कार्यालयाच्या संगणकावरील विंडोज १० प्रोचा परवानाही तसाच, त्याच मदरबोर्डशी जोडलेला असल्याने, विंडोज ११ प्रोवर आपोआप लागू झाला. चावीसाठी वेगळे पैसे मागणाऱ्या दुकानाला ‘माझ्या जुन्या परवान्याचे काय झाले’ हा प्रश्न विचारायला हवा.

लॅपटॉपवर एक अडथळा आला तो सांगतो, कारण तो अनेकांना येतो. विंडोज बसवताना ड्राइव्हची यादी रिकामीच दिसली. अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह सांभाळणारी व्हीएमडी नावाची व्यवस्था सुरू असते आणि तिचा ड्रायव्हर दिल्याशिवाय बसवण्याच्या पडद्याला ड्राइव्ह दिसत नाही. अननुभवी माणूस येथे एसएसडी गेली असा निष्कर्ष काढतो आणि गिऱ्हाईक नवी एसएसडी घेऊन घरी जाते. या मुलाने निर्मात्याच्या पानावरून ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर घेतला होता. तो दाखवताच यादी भरली. वाय-फायचा ड्रायव्हरही त्याने बरोबर ठेवला होता, कारण होम आवृत्ती पहिल्या सुरुवातीलाच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचे खाते मागते, आणि वाय-फाय चालत नसेल तर गाडी तिथेच अडते. लॅपटॉपबरोबर आलेले ऑफिस मुलीच्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर नोंदलेले होते; ते तेथूनच पुन्हा उतरवले. त्या खात्याचा पासवर्ड आठवत नसेल तर दुकानात जाण्यापूर्वी घरीच बदलून घ्यावा. अन्यथा काउंटरवर उभे राहून ओटीपीची वाट पाहण्यात बराच वेळ मोडतो.

मांडणी पूर्ण झाल्यावरच्या तपासणीत मला एकच गोष्ट विशेष वाटली. विंडोज ११ च्या २४एच२ या सुधारणेपासून, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नवी मांडणी केली आणि यंत्र पात्र असले की ड्राइव्ह आपोआप कूटबद्ध होतो, म्हणजे त्यावरचे काही चावीशिवाय वाचता येत नाही, होम आवृत्तीतही. चोरी झाल्यास हे संरक्षण आहे. पण पुढे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये फेरफार झाला किंवा यंत्र बिघडले, तर ४८ अंकी चावी मागितली जाते, आणि ती नसेल तर फायली डोळ्यांसमोर असून नसल्यासारख्या. अशी चावी असते हेच बहुतेकांना माहीत नसते. येथे ती खात्यात जतन झाल्याची खात्री केली गेली, वर कागदावर छापून हातात दिली गेली. वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आपसूक जाऊ लागतात, आणि विनामूल्य जागा ५ जीबीचीच असते, हे सांगून ते हवे की नको तेही विचारले गेले. आम्ही ते बंद ठेवले. प्रदेश भारत ठेवला, त्यामुळे तारखेत दिवस आधी आणि महिना नंतर येतो. मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आणि इन्स्क्रिप्ट दोन्ही जोडून दिले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये एकही पिवळा त्रिकोण, म्हणजे नीट न चालणाऱ्या उपकरणाची खूण, उरला नव्हता. श्रीलिपीचे लॉक दुसऱ्या ड्रायव्हरने चालले. जुना स्कॅनर मात्र चालला नाही, आणि त्याच्या निर्मात्याने नवा ड्रायव्हरच काढला नसल्याने त्याला दुकान जबाबदार नाही.

दुकान जबाबदार आहे अशा गोष्टी वेगळ्या. सर्वांत खटकलेली बाब म्हणजे आमच्या फायलींची नक्कल माझ्या बाह्य हार्ड डिस्कवर होत असतानाच ‘आमच्याकडे एक असू दे’ म्हणून दुकानाच्या डिस्कवरही घेतली गेली, आणि तीही मला न विचारता. हेतू वाईट नसावा. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी काही राहिले म्हणून धावत येते, तेव्हा अशी प्रत उपयोगी पडते. पण आमच्याकडे लेखकांची अप्रकाशित हस्तलिखिते असतात, हिशेब असतात, आणि ती दुसऱ्याच्या डिस्कवर राहणे मला मान्य नाही. मी आक्षेप घेतल्यावर मालकांनी ती समोर पुसली, तीसुद्धा झटपट फॉरमॅट करून. झटपट फॉरमॅटमध्ये फक्त फायलींची नोंदवही नवी होते, मजकूर हार्ड डिस्कवर तसाच पडून राहतो आणि साध्या, विनामूल्य साधनांनी परत काढता येतो. दिवसभर इतरांच्या डिस्क पुसणाऱ्या माणसांना हे ठाऊक नसेल असे म्हणता येत नाही. मी पूर्ण फॉरमॅट करायला सांगितले, ज्यात विंडोज संपूर्ण विभागावर शून्ये लिहिते, आणि त्याला लागलेला वेळ दुकानाने कुरकुरत दिला. ज्यांना आपली जुनी हार्ड डिस्क विकायची वा कोणाला द्यायची आहे, त्यांनीही हाच आग्रह धरावा. एसएसडीच्या बाबतीत गोष्ट निराळी असते, कारण विभाग काढला की ड्राइव्ह सहसा ती जागा रिकामी समजून स्वतःच साफ करू लागतो.

दुसरे, झालेल्या कामाची लेखी यादी मिळाली नाही. बिलावर ‘विंडोज इन्स्टॉल, डेटा’ एवढेच शब्द होते. कोणती आवृत्ती बसवली, प्रतिमा कोठे ठेवली, मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये काय बदलले, हे सारे त्या मुलाने तोंडी इतके नीट सांगितले की तेच कागदावर उतरवायला पाच मिनिटे लागली नसती. उद्या तो मुलगा दुकान सोडून गेला तर पुढच्या माणसाला काहीच कळणार नाही. तिसरे, शेवटी अँटिव्हायरसचा वार्षिक परवाना घेण्याचा आग्रह झाला आणि तो दोनदा नाकारावा लागला. विंडोजबरोबर येणारा डिफेंडर आमच्या कामाला पुरेसा आहे आणि हे मालकांनाही ठाऊक असावे. बसायला एकच स्टूल आहे, पंखा कारागिरांच्या बाजूला आहे, आणि मे महिन्यात तेथे दोन तास उभे राहणे सोपे नाही. तरीही उभे राहावे, यंत्र ठेवून जाऊ नये. दुकान समोर उभे राहू देते आणि विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देते.

कार्यालयाच्या संगणकाचे, प्रतिमा आणि फॉन्टच्या कामासह, बाराशे रुपये घेतले, लॅपटॉपचे आठशे. रस्त्यावर खाली याहून बऱ्याच कमी दरात काम करून मिळते, आणि ज्यांच्या यंत्रावर राखण्यासारखे काहीच नाही त्यांनी खालीच करून घ्यावे, वरचा दर देण्यात अर्थ नाही. ज्यांच्याकडे टॅली, जुने मराठी फॉन्ट, सहीचे टोकन किंवा दोन डिस्क आहेत त्यांनी जिना चढावा. जाताना आपली स्वतःची रिकामी बाह्य हार्ड डिस्क बरोबर न्यावी आणि दुकानाच्या डिस्कवर काही उतरवू नये, हे काम हातात देण्याआधीच बजावावे. रविवारी दुकान बंद असते, आणि शनिवारी संध्याकाळी आलेले यंत्र सोमवारपर्यंत तेथेच राहते, तेव्हा आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास, गर्दी व्हायच्या आत पोहोचलेले बरे.